कन्याशाळेत बोकडाला प्रवेश नाही

३ मे
निवृत्तीनंतरचा तिसरा दिवस. सवयीने पहाटे उठले, इस्त्रीची साडी नेसले, पर्स घेतली आणि गेटपर्यंत गेले. मग आठवलं. परत आले. हे पेपर वाचत होते. पेपरावरून एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. काही न बोलण्याची यांची जी पद्धत आहे, ती भांडणापेक्षा वाईट.

मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि पुढे छत्तीस वर्षं तिथेच विज्ञान शिकवलं. निरोपाला शाळेची जुनी पितळी घंटा भेट दिली. इलेक्ट्रिक बेल बसवल्यापासून ती स्टोअररूममध्ये धूळ खात पडली होती. भेट फार विचारपूर्वक निवडली होती, हे मला कळलं नाही असं कुणी समजू नये.

निश्चय: घरात बसणार नाही.

६ मे
ऑनलाइन शिबिर केलं. विषय: शाश्वत व्यावसायिक दुग्ध शेळीपालन. शेळी पाला खाते, दूध देते, लेंड्या टाकते. लेंड्यांवर पाला वाढतो, तो पुन्हा शेळी खाते. कुणाच्या दारात जायला नको. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी संसारांपेक्षा हा संसार बरा.

मी अकरा प्रश्न विचारले. त्यानंतर माझा आवाज तिकडे पोचेना. नेटवर्क.

पैदाशीचं शेवटचं सत्र पाहिलं नाही. एक तर चहाची वेळ झाली होती, आणि पडद्यावरचं चित्र सभ्य नव्हतं.

७ मे
घरामागचा प्लॉट यांच्या आणि धाकट्या भावोजींच्या नावावर आहे. भावोजींना तिथे तीन गॅरेज बांधून भाड्याने द्यायची आहेत. आज नकाशा घेऊनच आले. मी सांगितलं, तिथे शेळ्या येणार. तर म्हणे, वहिनी, शाळा सुटली आणि शेळ्या भरल्या का? स्वतःच्या विनोदावर इतके हसले की चहा नाकात गेला. देव न्यायी आहे.

शेवटी यांनी तोडगा काढला. येत्या एक मार्चला माझ्या गोठ्यातून एका दिवसात वीस लिटर दूध निघालं तर प्लॉट माझा. नाही निघालं तर गॅरेज. वीसच का? बेकरीमागे एक मुलगी शेळीच्या दुधाचं चीज करते. ती म्हणाली आहे, काकू, रोज वीस लिटर द्याल तर दुसरीकडे बघणार नाही.

भावोजी म्हणाले, वहिनी, अजून विचार करा. मी म्हटलं, मी विचार करून झालं की मगच बोलते. यांना खोकला आला.

१४ मे
सहा शेळ्या आल्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र. विकणारा इतका भला माणूस की घासाघीस केली नाही, उलट गाडीत चढवायला मदत केली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होता. सगळ्या दुधात आहेत, म्हणाला. किती महिन्यांपासून, ते मी विचारलं नाही. बाईमाणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

बोकडही घेऊन जा म्हणत होता. मी त्याला स्वच्छ सांगितलं की ही मुलींची संस्था आहे. शिवाय तो बोकड मी पाहिला होता. त्याने माझ्यादेखत स्वतःच्याच दाढीवर जे केलं ते मी लिहिणार नाही. आणि करून झाल्यावर बक्षीस मिळाल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

नावं ठेवली: पेशन्स, प्युरिटी, ग्रेस, होप, फेथ, चॅरिटी. गोठ्याच्या दारावर टाइमटेबल लावलं होतं. पेशन्सने गाडीतून उतरल्या उतरल्या ते खाल्लं. लॅमिनेशनसकट.

१५ मे
सहाची घंटा. हजेरी. धारा. एकूण अकरा लिटर. एकही दिवस शिस्त न लागलेल्या मुली अकरा देत असतील, तर शिस्त लागल्यावर वीस म्हणजे हातचा मळ. तक्ता केला. रेघ वर चढताना छान दिसते.

२० मे
प्युरिटीला हेड गर्ल नेमलं. निळी सॅटिनची पट्टी, तिला पत्र्याचा बिल्ला. ही मुलगी कोपऱ्यात उभी राहते, नजर खाली, आवाज नाही, सगळ्यांना आधी खाऊ देते. छत्तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले: शांत मुलगी ती चांगली मुलगी.

याउलट पेशन्स. दिवसभर बें बें. तीनदा वर्गाबाहेर उभी केली. तिला बाहेरच आवडतं. बाहेर यांचे गुलाब आहेत. होते.

४ जुलै
नऊ लिटर. हवेमुळे असणार.

हे म्हणाले, अगं, एकदा डॉक्टरला दाखव. जनावरांची डॉक्टरीण बोलावली. गेट उघडून बघते तर माझीच विद्यार्थिनी! सातवीत पहिल्या बाकावर असायची. बडबडी. हिनेच एकदा हात वर करून विचारलं होतं, मिस, सातवा धडा कधी घेणार? सातवा धडा म्हणजे सजीवांचं प्रजनन. मी सांगितलं, सेल्फ-स्टडी. तो धडा मी दर वर्षी सेल्फ-स्टडीलाच द्यायचे. परीक्षेत त्यावर प्रश्न नसायचा, मग वर्गात खुसखुस नसायची.

आता चांगली चाळिशीची झाली आहे, पण मला बघताच हातातली पिशवी खाली ठेवून सरळ उभी राहिली. संस्कार. शेळ्या तपासल्या, कासेला हात लावून पाहिलं. मग बुटांकडे बघत म्हणाली, मिस, यांचं दूध शेवटच्या टप्प्यात आहे. आणखी दूध हवं तर यांना जरा… नैसर्गिक वातावरण लागेल.

एवढं सांगायला घाम फुटला होता तिला.

६ जुलै
नैसर्गिक वातावरण केलं. गोठ्यात बारा कुंड्या ठेवल्या.

६ जुलै, संध्याकाळ
कुंड्या आहेत.

२ ऑगस्ट
सात लिटर. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. आज म्हणे, मिस, यांना सोबत हवी. मी म्हटलं, सहा जणी आहेत, आणखी किती सोबत? ती म्हणाली, वेगळ्या प्रकारची.

मोठा आरसा लावला. ग्रेस, होप आणि फेथ तासन्‌तास समोर उभ्या. मुली कुठल्याही जातीच्या असोत. पेशन्सने आरशातल्या शेळीला एकदा नीट निरखून पाहिलं आणि चार पावलं मागे जाऊन धडक दिली. आरसा माझ्या लग्नातला होता.

१९ ऑगस्ट
सहा लिटर. यावेळी तिने फार धीर केला. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मिस, गोठ्यात एखादा… पुरुष असला ना, तर खूप फरक पडतो.

एवढंच ना? सरळ सांगायला काय झालं होतं!

२० ऑगस्ट
आजपासून दुपारी दोन ते चार यांनी गोठ्यात बसायचं. खुर्ची, पंखा, पेपर दिला आहे. हे नाही म्हणाले नाहीत. कारण विचारलं तेव्हा डॉक्टरांचा सल्ला म्हणून सांगितलं. यांनी पेपर तोंडावर धरला आणि खांदे हलत होते. भावना अनावर झाल्या असतील.

१० सप्टेंबर
तीन आठवडे झाले. यांना दुपारची गाढ झोप लागते, रक्तदाब उतरला आहे, पेशन्स अग्रलेख खाते आणि क्रीडापान यांना सोडते. दूध पाच लिटर. म्हणजे दोष पद्धतीत नाही, पुरुषात आहे.

भावोजी येऊन बघून गेले. म्हणाले, दादा, तुला बसवलंय म्हणजे वहिनीने शाश्वत काय ते बरोबर निवडलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

२२ सप्टेंबर
सामूहिक अशिस्त. शेपट्या हलवणं, खाणं सोडणं, दिवसभर केकाटणं. घंटा वाजवली तर घंटेवर केकाटल्या. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, मिस, या दिवसांत होतं असं, त्या… आणि एक शब्द म्हणाली. तो शब्द माझ्या वहीत येणार नाही.

कोपऱ्यावरच्या वेल्डरचा बोकड दिवसभर आमच्या कुंपणाशी. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा ठिपका, वास असा की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. दोन बादल्या पाणी ओतलं. त्याने ते कौतुक समजून घेतलं. वेल्डरकडे तक्रार केली, तर म्हणतो, मॅडम, मी नाही पाठवलं त्याला. तुमच्याकडूनच बोलावणं आलंय.

२७ सप्टेंबर
सकाळच्या हजेरीला प्युरिटी गैरहजर! कुंपणाची तार वाकलेली. मी पर्स घेऊन निघणार, इतक्यात वेल्डरच्या गल्लीतून आपणहून परत आली. मान खाली. पट्टी तिरकी. अंगाला उग्र वास, नक्कीच गटारात पाय घसरला असणार. आल्या आल्या कोपऱ्यात जाऊन शांत उभी राहिली.

मला ओळखू आलं. गोठ्यातल्या त्या गोंगाटाला कंटाळून ही बिचारी एकांतात गेली होती. जिला शिकायचं असतं तिला सेल्फ-स्टडी लागतोच. तार मात्र पेशन्सने वाकवली असणार. पेशन्सला बाहेर उभं केलं.

८ नोव्हेंबर
साडेतीन लिटर. तक्त्यावरची रेघ खाली चालली होती म्हणून तक्ता उलटा लावून पाहिला.

डॉक्टरीणबाईला बसवलं आणि म्हटलं, आज मला सरळ वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापदासह उत्तर हवं. ती उभी राहिली. हात मागे बांधले. डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, मिस, शेळी व्यायल्याशिवाय दूध येत नाही आणि बोकडाशिवाय व्यायत नाही आणि हे सगळं सातव्या धड्यात आहे.

हे खिडकीत होते. खिडकीतून नाहीसे झाले.

अर्थात हे मला माहीतच होतं. मी तिची परीक्षा घेत होते. पास केलं.

१२ नोव्हेंबर
बोकडाला तात्पुरता प्रवेश. जवळपास एकच आहे, वेल्डरचा. अटी घातल्या: आधी अंघोळ, एका वेळी एकच मुलगी, आणि माझ्या देखरेखीखाली. मी पाठ करून खुर्चीवर बसते. ठरलेली वेळ संपली की घंटा. घंटा बहुतेक फार उशिरा वाजते, असं वेल्डरचं मत.

वेल्डर म्हणाला, मॅडम, याला रस्ता दाखवावाच लागला नाही, तुमच्या गेटाशी आपला आपण थांबला. हुशार जनावर आहे, हे मान्य केलं पाहिजे.

प्युरिटीला यातून सूट दिली आहे. ती तसल्यातली नाही. बोकडानेही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. चारित्र्याचा दरारा असतो.

२३ नोव्हेंबर
पाचही जणींचं उरकेपर्यंत बोकड इथेच. त्याला धारा काढायच्या जागेशेजारी बांधला आहे, म्हणजे नजरेसमोर राहतो.

चीजवालीने आज दूध परत पाठवलं. मागोमाग स्वतः आली. एक चमचा मला चाखायला लावला आणि म्हणाली, काकू, यात बोकड आहे. मी म्हटलं, दोनदा मलमलीतून गाळलंय, त्यातून बोकड जाणं शक्य नाही. ती म्हणाली, वास, काकू, वास. दुधाला लागतो. माझ्या नाकाला तर आता काहीच जाणवत नाही. यांनी गेला आठवडा गच्चीवर जेवण केलं, ते थंड हवेसाठी असेल.

२ डिसेंबर
पाचही गाभण. (हा शब्द शास्त्रीय आहे.) डॉक्टरीण प्युरिटीलाही तपासायला निघाली होती. मी थांबवलं. तिचा अपमान होईल.

मग विचारलं, दूध कधी? म्हणाली, मिस, पाच महिने. एप्रिल उजाडेल. मी म्हटलं, एक मार्चला हवंय. म्हणाली, मिस, पाच महिने म्हणजे पाच महिने.

ही पळवाट झाली. छत्तीस वर्षं मी सगळा पोर्शन महिनाभर आधी पूर्ण करत आले. एकदाही चुकलं नाही. एक धडा सोडला तर.

१८ जानेवारी
दूध शून्य. गाभण असताना शेवटी आटतंच, असं ती म्हणते. ठीक. वादळापूर्वीची शांतता.

प्युरिटी मात्र गोल होत चालली आहे. बाकीच्या गाभण असून तिच्याएवढ्या दिसत नाहीत. समाधानी स्वभावाला अन्न लागतं. तरी लठ्ठपणा बरा नाही म्हणून तिला सकाळी पी.टी. सुरू केली. दोन फेऱ्यांत बसते. हे म्हणाले, अगं, तिला नको पळवू. मी विचारलं, का? यांनी पेपर उघडला.

१६ फेब्रुवारी
भावोजी कंत्राटदाराला घेऊन आले. दोघे गोठ्यात उभे राहून शटर कुठल्या बाजूला उघडावं यावर बोलत होते, जसं काही मी आणि सहा शेळ्या तिथे नाहीतच. मी घंटा वाजवली. भावोजी म्हणाले, वहिनी, ही घंटा आता वाजवून काय उपयोग? कुणी वर्गात येत नाही.

मी आणखी तीन टोल दिले.

चहा केला नाही. कुणालाच.

२८ फेब्रुवारी
उद्याची तयारी: वीस लिटरची किटली घासली, उन्हात ठेवली. हे म्हणाले, अगं, किटली एवढी चकचकीत करून… आणि थांबले. मग स्वतःच फडकं घेऊन झाकण घासायला बसले.

निश्चय: आशा सोडायची नाही. होपला जास्तीचा चारा घातला.

१ मार्च
सकाळी सहाला घंटा. सात वाजता भावोजी हजर, हातात मोजपट्टी. मी एकामागून एक धारा काढायला बसले. पेशन्स, काही नाही. ग्रेस, काही नाही. होपने लाथ मारली. भावोजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

प्युरिटीपाशी गेले तर ती कण्हत खाली बसली. मी म्हटलं, जबाबदारीचं दडपण आलंय, गर्दी करू नका. यांनी मला बाजूला केलं, प्रथमच, आणि डॉक्टरिणीला फोन केला. ती येऊन बाह्या सरसावते न सरसावते तोच पहिलं बाहेर आलं. मागून दुसरं. दोन्ही काळेकुट्ट. दोघांच्याही कपाळावर पांढरा ठिपका.

डॉक्टरिणीने करडं पुसली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, मिस, दोन्ही बोकड. मग खाली मान घालून, अगदी हळू, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, हेड गर्लने सेल्फ-स्टडी केला, मिस.

मी तिला बाहेर उभं राहायला सांगितलं. ती गेली. चाळीस वर्षांची डॉक्टर, गुलाबांच्या खुंटांपाशी हाताची घडी घालून उभी. तिथूनच ओरडली, मिस, पहिला चीक करडांना पाजा, किटलीत काढू नका.

मग किटलीत काहीच काढता आलं नाही.

भावोजींनी मात्र करडं चार पायांवर उभी राहीपर्यंत वाट पाहिली. एकाने त्यांचं बोट चोखायला घेतलं, तेही चोखू दिलं. बराच वेळ. मला वाटलं, आता पाझरतील. मग त्यांनी बोट रुमालाला पुसलं, मोजपट्टीचं दुसरं टोक यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, वहिनी, जरा बाजूला व्हा, शटर इथे येईल.

मी बाजूला झाले.

१ मार्च, संध्याकाळ
उद्या खोदकाम. बाकीच्या पाच जणी एप्रिलमध्ये व्यातील. तेव्हा दूध येईल, बहुधा वीस लिटरच्या वर. नियोजन चूक नव्हतं. फक्त तारीख चुकली, आणि तारीख भावोजींची होती.

मी आत बसले होते. बाहेर आवाज आला म्हणून पाहिलं. यांनी काही न बोलता गाडी पोर्चमधून काढून रस्त्यावर लावली होती आणि पोर्चमध्ये पेंढा पसरत होते. खुर्ची आणि पंखा आधीच नेऊन ठेवला होता. घंटा दारावर टांगली होती. काही न बोलण्याची यांची पद्धत.

संस्था आजपासून को-एड.

प्युरिटीची पट्टी आणि बिल्ला काढून घेतला. ती करडांना पाजत होती. नजर खाली, आवाज नाही. बिल्ला कुणाला द्यावा, फार विचार केला. वर्षभर जी सगळ्यांदेखत ओरडली, जे करायचं ते समोर केलं, तिलाच द्यायला हवा होता, असं यांचं मत. मी गोठ्यात गेले. रीतसर नाव पुकारलं. पेशन्स पुढे आली, माझ्यासमोर सरळ उभी राहिली, माझ्या डोळ्यांत पाहिलं.

पट्टी खाल्ली. बिल्ला चावतेय.